फ्लोरेन्सला जाताय? पुरातत्त्व संग्रहालयासाठी अर्धा दिवस ठेवाच

कृष्णाकाठची

मंडळी, मागच्या महिन्यात आई वाईहून माझ्याकडे म्युनिकला आली होती, तिला घेऊन चार दिवस फ्लोरेन्सला जाऊन आले. उफिझी चित्रसंग्रहालय झालं, मायकेलएंजेलोचा डेव्हिड झाला, दुओमो म्हणजे तिथलं मोठं चर्च झालं, ते सगळं सुंदर आहेच आणि त्यावर इथे आधीच भरपूर लिहिलं गेलंय म्हणून परत तेच लिहीत नाही. मला लिहायचंय ते डेव्हिडच्या लाइनपासून पाच मिनिटांवर असलेल्या पुरातत्त्व संग्रहालयाबद्दल. सान्तिस्सिमा अनुन्झियाता चौकाच्या कोपऱ्यावर आहे, बाहेरून नुसता एक जुना वाडा वाटतो (आहेही वाडाच, १६२० च्या सुमारास मेदिची घराण्यातल्या मारिया माद्दालेनासाठी बांधलेला, संग्रहालय तिथे १८८० पासून आहे). डेव्हिडसमोर माणसांच्या डोक्यांमधून बघावं लागलं आणि इथे आम्ही कित्येक दालनांत दोघीच होतो.

आत मुख्यतः तीन गोष्टी आहेत. एट्रस्कन, इजिप्शियन आणि मग ग्रीक-रोमन. इजिप्तचा संग्रह इटलीत तुरीनच्या खालोखाल मोठा. पण मी सांगेन की जा ते एट्रस्कनांसाठी, कारण ते इथलेच. रोम मोठं व्हायच्या आधी आर्नो आणि टायबर या दोन नद्यांच्या मधल्या मुलुखात ही माणसं राहायची, टस्कनी हे नावच त्यांच्यावरून आलंय, आणि नंतर रोमने त्यांना हळूहळू असं पोटात घेतलं की भाषासुद्धा उरली नाही.

सगळ्यात आधी किमेरा. अरेत्सो गावात १५ नोव्हेंबर १५५३ ला किल्ल्याचं बांधकाम चालू असताना हा ब्राँझचा प्राणी जमिनीतून निघाला, वय साधारण २४०० वर्षं. सिंहाचं धड, पाठीतून बकरीचं डोकं निघालंय आणि शेपटी म्हणजे साप. उंची जेमतेम ७८ सेंमी, म्हणजे आपल्या कमरेइतकासुद्धा नाही, पण समोर उभं राहिलं की मागे सरावंसं वाटतं. जखमी आहे तो, बकरीच्या मानेतून रक्ताचे थेंब ओघळताना दाखवलेत आणि फासळ्या ताणल्यात. आई म्हणाली हा तर शरभ, आपल्या किल्ल्यांच्या दरवाजावर असतो तसा, फक्त आपला शरभ जिंकलेला असतो आणि हा मरायला टेकलाय. पुढच्या उजव्या पायावर एट्रस्कन अक्षरांत एक शब्द कोरलाय, तिन्स्कविल, म्हणजे तिनिया देवाला वाहिलेली वस्तू. हे माहीत असेल तर त्या पायाशी जरूर वाका. शेपटी मात्र मूळची नाही, १७८५ मध्ये जोडलेली आहे, त्यात साप बकरीच्या शिंगालाच चावतोय जे बहुतेक मूळ मूर्तीत तसं नसणार.

फ्लोरेन्सचा कोसिमो ड्यूक त्या वेळी इतका वेडावला होता की किमेराबरोबर सापडलेल्या लहान लहान ब्राँझ मूर्ती तो संध्याकाळी स्वतः सोनाराची हत्यारं घेऊन साफ करत बसायचा, हे त्या वेळचा सोनार-शिल्पकार चेल्लिनी याने लिहून ठेवलंय. मला हे वाचल्यापासून तो ड्यूक आवडायला लागलाय.

आणि मग तो वक्ता. आर्रिंगातोरे म्हणतात. पुरुषभर उंचीचा ब्राँझ पुतळा, १७९ सेंमी, एक हात पुढे करून बोलायला उभा राहिलेला, १५६६ मध्ये सापडला. अंगावर रोमन टोगा, पायात रोमन बूट, केस रोमन पद्धतीने कापलेले. लांबून बघितला तर कुणीही रोमन म्हणेल. पण टोग्याच्या काठावर लेख आहे आणि तो एट्रस्कन भाषेत आहे. माझी आई मोडी वाचते, गावात लोक तिच्याकडे जुनी खरेदीखतं घेऊन येतात, त्यामुळे कुठेही कोरलेलं दिसलं की ती थांबतेच. तिथे ती किती वेळ वाकून बघत होती. मी फोनवर शोधून तिला वाचून दाखवलं, नाव आहे औले मेतेली, आणि पुढे लिहिलंय वेल आणि वेसी यांचा मुलगा. वेल बाप, वेसी आई. आई सरळ उभी राहिली आणि म्हणाली, अगं गौतमीपुत्र!

त्यानंतर आमचा दिवसच बदलला, प्रत्येक शवपेटीवर आम्ही बायकांची नावं शोधत फिरलो. आणि ती आहेत! रोमन बाईला स्वतःचं वेगळं नाव जवळजवळ नसायचंच, बापाच्या कुळाचंच नाव स्त्रीलिंगी करून लावायचे, म्हणजे जुलियसची ती जुलिया. एट्रस्कन बाईला स्वतःचं पहिलं नाव असायचं, रामथा, लार्थिया, थानिया वगैरे. इथे लार्थिया सेइआन्तीची भाजलेल्या मातीची शवपेटी आहे, किउसीहून आणलेली, झाकणावर ती स्वतः उशीला टेकून अर्धी उठून बसलीये, अंगभर दागिने, आणि एका हाताने डोक्यावरचा पदर जरा बाजूला करतेय. रंग अजून टिकलाय. आई म्हणाली ही कुणाची तरी वाट बघतेय.

अजून खूप आहे पण आधीच लांबलंय. कुणी गेलं असेल तर लिहा.

पिंपळपान

वा ताई, मस्त लिहिलंय. आम्ही मे मध्ये जातोय, मुलं ९ आणि १३, फ्लोरेन्सला फक्त दीड दिवस आहे. उफिझी सोडून हे करावं का? मुलं कंटाळतील का? सासूबाई पण आहेत, त्यांना जिने त्रास देतात.

कृष्णाकाठची

उफिझी सोडा असं मी नाही म्हणणार, पण दीड दिवसात डेव्हिड आणि हे एकत्र होतं, दोन्ही अगदी शेजारी आहेत. मुलांना किमेरा आणि इजिप्तचा रथ दाखवा, बाकी सोडलं तरी चालेल. रथ लाकडाचा आहे आणि खरा आहे, थीब्सच्या थडग्यातला, अठराव्या राजवंशाच्या काळातला, म्हणजे सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचा. इतका हलका दिसतो की दोन माणसं उचलून नेतील. ममी पण आहेत, ९ वर्षांच्या मुलाला आधी सांगून ठेवा. सासूबाईंसाठी लिफ्टबद्दल तिकीट-खिडकीवर आधीच विचारा, आणि वेळा जायच्या आदल्या दिवशी साइटवर बघा. बाहेर पडलात की चौकात शेजारीच ब्रुनेलेस्कीने बांधलेलं अनाथ मुलांचं घर आहे, कमानींच्या वर दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांची निळी-पांढरी गोल चित्रं आहेत, ती सासूबाईंना आवडतील, आणि पायऱ्यांवर बसताही येतं.

खडकवासला

तुम्ही फ्रान्स्वा कलशाबद्दल लिहिलंच नाही! माझ्यासाठी तर ते संग्रहालय म्हणजे तो कलश. मी २०१९ ला गेलो होतो, तासभर त्याच्याभोवती फिरत होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा अथेन्समध्ये इ.स.पू. ५७० च्या सुमारास बनलेला मातीचा मोठा कलश, ६६ सेंमी उंच, दारूत पाणी मिसळायला वापरायचे तसला. एट्रस्कन श्रीमंतांना ग्रीक भांड्यांचं भारी वेड, म्हणून हा समुद्र ओलांडून किउसीला आला आणि तिथल्या थडग्यात गेला. १८४४-४५ मध्ये अलेस्सांद्रो फ्रान्स्वाने तुकड्या-तुकड्यांत शोधून काढला. त्यावर जवळजवळ २७० आकृत्या आहेत, माणसं, घोडे, देव, आणि बहुतेकांच्या शेजारी नाव लिहिलंय. घडवणारा एर्गोतिमोस आणि रंगवणारा क्लेइतियास, दोघांनी सह्या केल्यात, त्याही दोनदोनदा. लग्नाची वरात आहे (पेलेउस आणि थेटिसचं लग्न, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलीसचे आईबाप), रानडुकराची शिकार आहे, रथांची शर्यत आहे. आणि मुठीच्या बाजूला अयाक्स मेलेल्या अकिलीसला खांद्यावर टाकून नेतोय. म्हणजे पोटावर आईबापाचं लग्न आणि मुठीवर मुलाचं प्रेत. ज्याने हे एकाच भांड्यावर मांडलं त्याला काय म्हणावं.

आता खरी गोष्ट. १९०० साली संग्रहालयातल्याच एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात लाकडी स्टूल काचेवर फेकलं आणि कलशाचे ६३८ तुकडे झाले. सहाशे अडतीस. ते कुणीतरी बसून एकेक जोडले. मग १९६६ ला ४ नोव्हेंबरला आर्नोला पूर आला, संग्रहालयात पाणी आणि चिखल, एट्रुरियाच्या, म्हणजे एट्रस्कनांच्या मुलुखातल्या, गावागावांतून आणलेल्या वस्तूंचा सगळा विभाग उद्ध्वस्त झाला, कलशालाही इजा झाली आणि १९७३ मध्ये तो परत उकलून परत जोडला. मी पुण्याचा, आमच्या घरात १९६१ चं पानशेत म्हटलं की आजीचा आवाज बदलायचा, भिंतीवर पाण्याची खूण दाखवायची. फ्लोरेन्समध्ये पण भिंतींवर त्या पुराच्या उंचीच्या पाट्या लावल्यात, त्या बघितल्या की मला आजी आठवायची. त्यामुळे कलशावरच्या त्या बारीक भेगा मी वाईट म्हणून नाही बघितल्या, प्रत्येक भेगेमागे कुणीतरी चिमटा घेऊन बसलेलं आहे.

मोडीप्रेमी

धागा वाचून राहवलं नाही. कृष्णाकाठची, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, मीपण मोडी शिकवतो, आठवड्यातून दोन संध्याकाळी. मोडी आणि एट्रस्कन हे एकमेकांच्या बरोब्बर उलटे आहेत. मोडीच्या कागदात भाषा आपलीच असते, एकदा अक्षर लागलं की आजोबा समोर बसून बोलल्यासारखं वाटतं, अडतं ते अक्षरापाशी. एट्रस्कनमध्ये अक्षरं सगळी वाचता येतात, ग्रीकांकडून घेतलेली आहेत, बहुधा उजवीकडून डावीकडे लिहिलेली एवढंच, आणि त्यांच्याकडूनच ती लॅटिनने घेतली म्हणजे आपण रोज वापरतो ती रोमन अक्षरं त्यांच्याच हातून आलीत. पण वाचून झालं की पुढे अंधार. साधारण तेरा हजार लेख सापडलेत आणि त्यातले बहुतेक म्हणजे नावं, नाती, थडग्यावरची वयं. क्लान म्हणजे मुलगा, सेख म्हणजे मुलगी, पुइया म्हणजे बायको, अवील म्हणजे वर्ष. गोष्टी नाहीत, पत्रं नाहीत, भांडणं नाहीत. बखर नाही. क्लॉडियस सम्राटाने एट्रस्कनांचा इतिहास वीस खंडांत लिहिला होता, तोही गेला.

आणि सगळ्यात लांब लेख जो उरलाय तो कुठे उरला माहितीये? इजिप्तच्या ममीवर. कापडावर लिहिलेलं एट्रस्कन पुस्तक होतं, ते फाडून पट्ट्या केल्या आणि एका बाईच्या ममीला गुंडाळल्या. १८४८ मध्ये एका क्रोएशियन माणसाने ती ममी अलेक्झांड्रियात विकत घेतली आणि आज ती झाग्रेबच्या संग्रहालयात आहे. सुमारे १२०० शब्द वाचता येतात, कुठल्या तारखेला कुठल्या देवाला काय द्यायचं असं काहीतरी पंचांगासारखं आहे. कागदपत्रांचं बाड रद्दीत जाऊन नंतर वाण्याच्या पुडीवरून सापडावं तसं झालं हे. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं एकदम गप्प होतात.

सह्यभटक्या

दादा मी वाचलंय की एट्रस्कनमध्ये बापाला अपा आणि आईला अती म्हणतात. आपल्याकडे आप्पा आहे, कन्नडमध्ये अप्प आहे, आणि अत्ती/आत्या सारखे शब्द आहेत. काही संबंध असेल का? मला तरी हे योगायोग वाटत नाहीत, व्यापार होताच ना.

मोडीप्रेमी

मोह होतो, मलाही झाला होता. पण आईबापांचे शब्द जगभर असेच असतात कारण बाळाच्या तोंडून पहिले आवाज तेच निघतात, बा पा मा ता. त्यावरून नातं लावायचं तर कुणाचंही कुणाशी लागेल. नातं ठरतं ते आकडे, क्रियापदं, प्रत्यय यांवरून. एट्रस्कनमध्ये तीनला की म्हणतात, हे नक्की आहे कारण १९६४ मध्ये पिर्जी इथे सोन्याचे पत्रे सापडले त्यात साधारण एकच मजकूर एट्रस्कन आणि फिनिशियन दोन्हींत आहे आणि तिथे तीन वर्षं असा उल्लेख आहे. की आणि त्रि, किंवा की आणि कन्नडमधलं मूरु, काही जमतं का? ग्रीसच्या लेम्नोस बेटावरचा एक लेख आणि आल्प्समधली रेटिक भाषा, एवढेच तिचे नातेवाईक मानले जातात. ही भाषा एकटी होती, ते एकटेपण तिला राहू द्या असं मला वाटतं. व्यापाराचं म्हणाल तर तो आपला रोमशी, आणि तोपर्यंत एट्रस्कन बोलणारे संपत आले होते.

निळावंती

लार्थियाची बहीण म्हणावी अशी एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, मी लंडनमध्ये राहते त्यामुळे मधूनमधून तिला भेटायला जाते. सेइआन्ती हनुनिया त्लेस्नासा. किउसीजवळचीच, त्याच सेइआन्ती घराण्यातली, तशीच टेकून बसलेली, हातात आरसा आणि पदर सारणारा हात. तिच्या पेटीत हाडं पण मिळाली. तपासणी केली तर ती पन्नाशी ओलांडलेली बाई निघाली, कमरेला जुनी जबर दुखापत, बहुधा घोड्यावरून पडल्याची, जबड्याचा संधिवात, म्हणजे शेवटची वर्षं चालणं आणि चावणं दोन्ही त्रासाचं. कवटीवरून चेहरा पण तयार केला. आणि झाकणावर मात्र ती तरुण, टवटवीत, वेदनेचा मागमूस नाही. माझ्या आईला संधिवात आहे, मला ते खोटं चित्र वाटत नाही, घरच्यांना ती तशीच लक्षात ठेवायची होती.

ग्रीकांना या बायकांचा फार राग यायचा, नवऱ्याशेजारी पंगतीला बसतात, पितात म्हणून. ग्रीक लेखकांनी काय काय लिहिलंय. नाव कोरणाऱ्यांनी मात्र नावंच कोरली.

लिंबोणी

मला एक वेगळं बोलायचंय, कुणाला खटकलं तर माफ करा. त्या संग्रहालयात इजिप्तच्या भागात सेती राजा आणि हाथोर देवीचं एक रंगीत शिल्प आहे, देवी राजाचा हात धरते आणि गळ्यातला हार पुढे करते. अतिशय देखणं. पण मी आधी लक्झरला जाऊन आले होते, राजांच्या दरीतल्या सेतीच्या थडग्यात उतरले होते. बेल्झोनीने १८१७ मध्ये शोधलेलं ते. आत भिंती अशा रंगवलेल्या की काल ब्रश ठेवलाय. आणि एका दाराच्या दोन्ही बाजूंना भिंत उघडी, खरवडलेली. गाइड म्हणाला इथलं एक पॅरिसला आहे, एक फ्लोरेन्सला. १८२८-२९ मध्ये शाम्पोलियाँ आणि रोसेलिनी यांची फ्रेंच आणि टस्कन मोहीम गेली होती, त्यांनीच ते कापून नेलं, एक लूव्रला, एक इकडे. ज्या माणसाने चित्रलिपी वाचून दाखवली त्यानेच. फ्लोरेन्सला ते शिल्प समोर आल्यावर मला त्या भिंतीची जखमच दिसत होती, मी पुढे गेलेच नाही. त्याच मोहिमेचं एक मोठं तैलचित्र पण आहे तिथे, सगळे दाढी वाढवून, तुर्की कपडे घालून ऐटीत उभे. बघवेना.

खडकवासला

लिंबोणी, तुमचं दुःख समजतं. पण रोसेलिनीने त्या मोहिमेत जी चित्रं आणि नकला उतरवल्या त्यातली काही मूळ दृश्यं आज इजिप्तमध्ये पुसट झालीत किंवा नाहीतच, ती फक्त त्याच्या कागदावर आहेत. सेतीच्या थडग्यातही बाकीच्या भिंतींना नंतर पाणी, माणसांचे हात, साचे काढणाऱ्यांचे ओले कागद यांनी खूप त्रास झाला. जे कापलं ते वाईटच, पण माणूस नुसता चोर नव्हता.

लिंबोणी

नकला उतरवायला करवत लागत नाही. त्याच्या कागदांबद्दल मला आदरच आहे, पण करवतीबद्दल नाही. दोन्ही एकाच माणसाचं आहे हे मला पटतं, त्याने ती भिंत भरून येत नाही.

खडकवासला

हे मान्य.

रानजाई

मी तेरची, धाराशिव जिल्हा. इथे गौतमीपुत्राचं नाव निघालं आणि रोमचं निघालं म्हणून लिहिते. फ्लोरेन्सला जाणं सगळ्यांना जमणार नाही पण तेरला जमेल. पैठण आणि तगर ही दोन बाजारपेठांची नावं पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथात आहेत, तगर म्हणजे आमचं तेर. आमच्या गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतातून, ओढ्यातून, पांढरीतून सापडलेल्या वस्तू जमवल्या आणि त्याचं आज सरकारी संग्रहालय आहे. सातवाहनांच्या काळातली हस्तिदंती बाहुली आहे, रोमन धाटणीची भांडी-दिवे आहेत, मण्यांची तर गणतीच नाही. लहानपणी पावसाची सर पडून गेली की आम्ही मणी वेचायला जायचो, पायाला लागायचे.

पॉम्पेईत १९३८ मध्ये एक हस्तिदंती भारतीय बाई सापडली, जवळजवळ वीतभर उंचीची, पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इ.स. ७९ ला व्हेसुव्हियस फुटला त्याच्या आधी ती तिथे पोचली होती. तिच्यासारखीच मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात मिळाली, इतकी सारखी की ती इकडूनच गेली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. आणि उलट्या दिशेने आलेला म्हणाल तर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला सापडलेला ब्राँझचा पोसायडन, टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, हाताच्या पंजाएवढा. मी तो बघायला एसटीने गेले होते, एकटी.

पिंपळपान

ब्रह्मपुरीचा पोसायडन!! आम्ही कोल्हापूरचे, टाउन हॉलच्या बागेत लहानपण गेलं आणि मी आत कधी गेले नाही. मे च्या आधी मुलांना घेऊन तिथे जाणार, मग फ्लोरेन्स.

कृष्णाकाठची

काल रात्री आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं वाचून दाखवलं, दोन तास लागले कारण ती मध्येच थांबवत होती. मोडीप्रेमी, तिने तुम्हाला उलट नमस्कार सांगितलाय आणि विचारलंय की तुमच्याकडे इ.स. १७०० च्या आधीचे कागद शिकवता का, तिला ते जड जातात. खडकवासला, कलश आम्ही बघितला होता पण ६३८ तुकड्यांचं माहीत नव्हतं, ती म्हणाली आधी माहीत असतं तर तिथे अजून थांबले असते. लिंबोणी, तिने तुमची पोस्ट मला दोनदा वाचायला लावली आणि काही बोलली नाही.

रानजाई, ती पुढच्या महिन्यात मावशीकडे लातूरला जाणार आहे आणि तिथून तेरला यायचं म्हणतेय. संग्रहालय कुठल्या वारी बंद असतं आणि लातूरहून एसटी थेट येते का तेवढं कळवा, एकटीच येणार आहे.

रानजाई

एकटी कशाला, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्टँडवर घ्यायला येते. सकाळची गाडी पकडायला सांगा, आणि जेवायला घरीच.